खडूचे वर्तुळ आणि अपत्याचा ताबा

ब्रेख्तने १९४४ मध्ये लिहिलेल्या आणि खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणलेल्या नाटकातील निवाडा समीक्षेने बहुधा सुटलेले कोडे म्हणूनच पाहिला आहे. मुलाला वर्तुळाबाहेर खेचण्यास नकार देणारी दासी ग्रुशा हीच त्याची आई, असे न्यायाधीश अझ्डाक ठरवतो आणि प्रेक्षकाचे समाधान होते. या निवाड्यामागील नैतिक तत्त्व कोणते, असे विचारले की मात्र अडचण सुरू होते.

सॉलोमनच्या कथेत, तसेच युआन काळातील मूळ चिनी नाटकात, कसोटी वस्तुस्थितीचा शोध घेते. जन्मदात्री कोण हे वादग्रस्त असते. जी माघार घेते तिची ओळख पटते. ब्रेख्तच्या नाटकात गव्हर्नरपत्नी नाटेला हीच जन्मदात्री, याविषयी प्रेक्षकाला शंका नाही. तीच कसोटी येथे पात्रता ठरवते. कथेबरोबर प्रश्नही पालटला आहे.

पात्रतेचा निकष म्हणून उपयुक्ततावाद हाताशी येतो, कारण नाटकाची प्रस्तावनाच तो पुरवते. खोरे पूर्वीच्या शेळीपालकांना परत द्यावे की पाटबंधाऱ्याची योजना आखणाऱ्या फळबागवाल्यांना, या वादात ते बागवाल्यांकडे जाते. परंतु जमिनीला स्वतःचे हित नसते, बालकाला असते. उत्तम मशागत करणाऱ्याच्या स्वाधीन मूल करावे, ही भाषा कांटच्या दृष्टीने व्यक्तीला साधन लेखणारी ठरेल. नाटेलाचा वकील तर बोलण्याच्या ओघात उघडच करतो की जहागिरीची मालकी या वारसाशी निगडित आहे. म्हणजे मुलाला साधन लेखण्याचा दोष नाटेलाच्या ठायी ढोबळपणे आढळतो, आणि तिला नाकारण्यासाठी जिचा आधार घेतला जातो त्या प्रस्तावनेत सूक्ष्मपणे.

कॅरल गिलिगन (१९८२) आणि नेल नॉडिंग्ज (१९८४) यांनी मांडलेली आस्थेची नीती या नाटकाच्या अधिक जवळ जाते. महागडे दूध विकत घेणे, मोडका पूल ओलांडणे, मुलाला आसरा मिळावा म्हणून मरणासन्न समजल्या जाणाऱ्या माणसाशी लग्न करणे, या कृतींतून ग्रुशाचे मातृत्व घडते. तरीही ही नीती एका जागी अपुरी पडते. मुलगा श्रीमंत व्हावा असे तुला वाटत नाही काय, या अझ्डाकच्या प्रश्नावर ग्रुशा गप्प राहते. तिच्या मनातले गायक सांगतो. श्रीमंतीत वाढलेला हा मुलगा दुर्बळांना तुडवील, ही तिची भीती आहे. येथे आस्थेपेक्षा शीलाचा विचार, ॲरिस्टॉटलचा विचार, पुढे येतो. पण दुसऱ्याच्या शीलासाठी त्याच्या वाट्याचे वैभव नाकारण्याचा अधिकार तिला कोणी दिला? नाटकातील खरा पेच हा आहे, आणि वर्तुळाच्या दृश्यावर खिळलेल्या समीक्षेच्या नजरेतून तो निसटतो.

भारतीय कायदाही या पेचापासून दूर नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्वविषयक १९५६ चा कायदा बालकाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देतो; त्याआधीच्या १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे सतरावे कलम, समजूतदार पसंती देण्याइतके मूल मोठे असल्यास न्यायालयाला ती विचारात घेण्याची मुभा देते. अझ्डाक मात्र मिशेलला काहीच विचारत नाही. वर्तुळात उभे केले जाताना मिशेल ग्रुशाकडे पाहून हसतो, एवढे एक रंगसूचना नोंदवते. निकालात त्या हसण्याचा उल्लेख येत नाही.