मिहानविषयक आंतरजालीय मराठी आणि सहमतीचा आकडा

आंतरजालावरील संभाषणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज सामग्रीची वाण नाही. वाण आहे ती वाचनपद्धतीची. ही उणीव भरून काढण्यासाठी गुणात्मक विश्लेषणाच्या संगणकप्रणालींचा आश्रय घेण्याकडे आता कल वाढत आहे. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात टॉम व लिन रिचर्ड्‌स यांनी १९८१ च्या सुमारास जिचा आरंभ केला त्या प्रणालीची वारस असलेली ‘एनव्हिवो’, तसेच ‘ॲटलस टीआय’, ‘मॅक्सक्यूडीए’ आणि विनामूल्य मिळणारी ‘टॅगेट’ ही यांतील परिचित नावे होत. यांचे कार्य थोडक्यात असे : संहितेतील एखादा अंश निवडून त्याला एक संकेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘कोड’, द्यावयाचा. एकाच संहितेवर अनेक वाचकांना असे काम करता येते, आणि काही प्रणालींत त्यांच्या संकेतांची तुलना करून सहमतीचे प्रमाणही काढता येते. या सोयीचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न असा की, मराठी संहितेच्या बाबतीत या सहमतीला कितपत अर्थ आहे?

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत वसलेल्या मिहानविषयीचे मराठी संभाषण उदाहरणादाखल घेऊ. या प्रकल्पासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली; खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव, शिवणगाव इत्यादी गावांच्या जमिनींशी त्याचा संबंध आला. आज तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, ‘एम्स’ आहे, भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. साहजिकच भूखंडांच्या जाहिराती, नोकरीच्या चौकशा आणि मोबदल्याच्या तक्रारी अशा तीन भिन्न वाणींत हे एकच नाव वावरते. इंग्रजी आद्याक्षरांतून घडलेला ‘मिहान’ हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा करून त्याला प्रत्यय लावले आहेत. ‘मिहानजवळ’ म्हणणारा बहुधा काही विकत असतो. ‘मिहानात गेली’ म्हणणाऱ्याचे काही गेलेले असते.

पहिली अडचण शोधाची. ‘जमीन’ हा शब्द जसाच्या तसा शोधावयास सांगितला, तर ‘जमिनीचा’, ‘जमिनीवर’ ही रूपे हाती लागत नाहीत. कारण सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. ‘मोबदला’ शोधल्यास ‘मोबदल्यासाठी’ निसटते. यात रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीची भर घातली म्हणजे केवळ शोधावर विसंबून केलेली गणना किती अपुरी ठरेल, हे सांगणे नको. यावर उपाय आहे, तो मात्र कष्टाचा आहे : प्रत्येक शब्दाच्या रूपांची यादी हाताने सिद्ध केली पाहिजे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘मी वाट पाहून राहिलो’ हे वाक्य घ्या. नागपूरकडच्या बोलीत हा साधा चालू वर्तमानकाळ आहे. ‘मी वाट पाहत आहे’ एवढाच त्याचा अर्थ. पुण्याकडील वाचकाला मात्र त्यात ताटकळल्याचा सूर ऐकू येण्याचा संभव आहे, आणि तो ‘प्रदीर्घ प्रतीक्षा’ असा संकेत देऊन मोकळा होईल. असे दोन वाचक पुण्याचेच असले, तर त्यांची सहमती पूर्ण भरेल आणि दोघेही चुकलेले असतील. उलट, एक नागपूरचा असेल तर मतभेद होईल, आणि त्या मतभेदातूनच अर्थ हाती लागेल.

‘आमची जमीन मिहानात गेली’ या वाक्याचेही तसेच. येथे घेणारा कोणी नाही. क्रियापद अकर्मक आहे, जमीन जणू आपण होऊन गेली. एक वाचक यास ‘हानी’ म्हणेल, दुसरा ‘नियतीचा स्वीकार’, तिसरा ‘कर्त्याचा लोप’. यांतील एक निवडून उरलेले पुसून टाकणे म्हणजे त्या वाक्याचे राजकारणच पुसणे होय. शासकीय मराठीतील ‘प्रकल्पबाधित’ आणि लोकांच्या तोंडचा ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्दही एकाच संकेताखाली घालता येणार नाहीत. ‘बाधित’ म्हणजे ज्याला अडथळा पोचला तो. ‘ग्रस्त’ या शब्दाच्या मुळाशी गिळण्याची कल्पना आहे.

आता आकड्याकडे वळू. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅपा’ हा गुणांक योगायोगाने घडणारी सहमती वजा करतो. समजा, दोन वाचकांनी १०० वाक्ये वाचली. प्रत्येकाने ९० वाक्यांना ‘तक्रार’ हा संकेत दिला आणि एकंदर ९० वाक्यांवर त्यांचे एकमत झाले. वरवर सहमती ९० टक्के; परंतु योगायोगानेच ८२ टक्के अपेक्षित असल्यामुळे कॅपा भरतो अवघा ०.४४. म्हणजे टक्केवारीपेक्षा हा गुणांक अधिक प्रामाणिक आहे. तथापि दोघांची चूक एकच असेल, तर ती त्यालाही दिसत नाही. मतभेद किती, हे तो सांगतो. मतभेद कशाचा, हे सांगत नाही.

दोष प्रणालीचा नाही, तिच्या वापराचा आहे. संकेतासोबत टिपण जोडण्याची सोय या प्रणालींत बहुधा असते. आपले प्रबंध मात्र आकडा छापतात आणि टिपणे गाळतात. चर्चेने मतभेद ‘मिटवले’ एवढे एक वाक्य लिहिले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. वास्तविक कोणते वाक्य कोणी कसे वाचले आणि अखेर कोणी कोणाचे का मानले, याचा तपशील हाच सहकार्याने केलेल्या विश्लेषणाचा गाभा होय. मार्गदर्शकाचे वाचन विद्यार्थ्याच्या वाचनावर केवळ पदामुळे मात करीत असेल, तर तेही तेथे दिसले पाहिजे.

म्हणून अशा प्रबंधांकडून तीन अपेक्षा ठेवाव्याशा वाटतात. वाचकांपैकी निदान एक त्या बोलीत वाढलेला असावा. न मिटलेल्या मतभेदांना परिशिष्टात नव्हे, निष्कर्षांत स्थान मिळावे. आणि खाजगी व्हॉट्सॲप गटांतील मजकूर संबंधितांच्या संमतीवाचून कोणत्याही प्रणालीत भरू नये. ज्यांची जमीन गेली, त्यांचे शब्दही न विचारता नेणे संशोधनाला शोभणारे नाही.