कानांनी बघायचं उड्डाण

हेलिकॉप्टर आधी ऐकू येतं, मग दिसतं. अमेरिकेच्या जोबी कंपनीची विजेवर उडणारी टॅक्सी नेमकी इथेच वेगळी पडते. जून 2025 मध्ये दुबईजवळ मार्घमच्या वाळवंटात वैमानिकासह तिची उड्डाणं झाली. त्यांची चित्रफीत पाहणार असाल तर आधी आवाज वाढवा.

हेलिकॉप्टरची ती धपधप येते कुठून? एका पात्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर पुढचं पातं आदळतं, तिथून. जोबीने एका अजस्र चक्राऐवजी पाच-पाच पात्यांचे सहा प्रोपेलर घेतले, चार पंखांवर आणि दोन शेपटीवर. पात्यांच्या टोकांचा वेग कमी ठेवलेला आहे. शिवाय प्रत्येक प्रोपेलरचा वेग, कल आणि पात्यांचा कोन स्वतंत्रपणे बदलता येतो, त्यामुळे ही टक्कर टाळता येते. नासाने कॅलिफोर्नियात मोजलं तेव्हा 500 मीटर उंचीवरून जाताना खाली आवाज भरला जेमतेम 45 डेसिबल. शहराच्या गोंगाटात तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

डोळ्यांसाठीही एक जागा आहे. टॅक्सी सरळ वर उचलली जाते आणि मग सगळे प्रोपेलर हळूहळू पुढे कलू लागतात. काही क्षण ती धड हेलिकॉप्टर नसते, धड विमान नसते. वेग येईल तसतसा भार पंखांवर जातो. आपण गचक्याची वाट बघतो आणि गचका येतच नाही! भार असा पंखांवर नेण्याला कारणही आहे: जागच्या जागी तरंगणं बॅटरीला सगळ्यात महाग पडतं. त्यात दुबईचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ, म्हणजे उचलायला जोर जास्त. ऐन जूनमध्ये चाचणी घेणाऱ्यांच्या हिमतीला दाद द्यायलाच हवी.

दुबईच्या रस्ते व परिवहन प्राधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीशी सहा वर्षांचा करार केला. विमानतळ, पाम जुमेरा, डाउनटाउन आणि मरिना हे पहिले चार थांबे ठरले. विमानतळ ते पाम हा मोटारीने पाऊण तासाचा रस्ता दहा-बारा मिनिटांत, असा कंपनीचा दावा. संध्याकाळी शेख झायेद रोडवर अडकलेल्या मराठी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण बसणार किती? वैमानिक सोडून चार. दुबई मेट्रोच्या एका गाडीत सहाशेच्या वर माणसं मावतात. तेवढ्यांना न्यायला टॅक्सीच्या दीडशे फेऱ्या लागतील. आणि ते 45 डेसिबल 500 मीटर उंचीवरचे. थांब्याशेजारी राहणाऱ्याला ती उतरताना जवळून आणि पुन्हा पुन्हा ऐकू येणार. हा हिशेब बघता यंत्र म्हणून माझी तिला मनापासून दाद आहे, विमानतळाची टॅक्सी म्हणूनही ती शोभेल. वाढत्या शहराच्या कोंडीवर मात्र ती उपाय नाही. तिथे मेट्रोचे डबेच वाढवावे लागतील.