यंत्राचे ज्ञान की यंत्राची हमाली?

आपल्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथनांवर वाद घातले, प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राला नकार दिला. परंतु खेड्यापाड्यांतील लाखो मुले जे पुस्तक सक्तीने वाचतात, त्या पाठ्यपुस्तकाची समीक्षा करणे मात्र आपल्याला कमीपणाचे वाटत आले आहे. बालभारतीच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या २०१७ साली आलेल्या पुस्तकातील दहावा धडा मी येथे विचारासाठी घेतला आहे. विषय माहिती संप्रेषण तंत्रज्ञान. शीर्षकातच ‘प्रगतीची नवी दिशा’ असे आश्वासन आहे.

धड्यात संगणकाच्या पिढ्या आहेत, त्याचे भाग आहेत, स्मृतीचे प्रकार आहेत. सी-डॅक, विजय भटकर आणि ‘परम’ महासंगणक यांचा गौरव आहे, आणि तो यथार्थ आहे. त्यानंतर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांच्या कृती येतात: हे उघडा, तेथे क्लिक करा, हा पर्याय निवडा. एकामागून एक आज्ञार्थी क्रियापदे! विद्यार्थ्याने यंत्राला आज्ञा द्यायला शिकावे, तर येथे पुस्तकच विद्यार्थ्याला आज्ञा देत राहते. एखादे काम पायऱ्यांत कसे फोडावे, अट कशी घालावी, यंत्राला ती कळते म्हणजे नेमके काय होते, या गाभ्याला धडा हात लावीत नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दोन्ही भागांत तर संगणकाला स्वतंत्र प्रकरणच नाही. केंद्राच्या २००४ च्या योजनेतून शाळांमध्ये संगणक आले खरे. शिकविणारे मात्र कंत्राटी. कंत्राट संपले की शिक्षक गेला आणि खोलीला कुलूप लागले, असे चित्र अनेक ठिकाणी दिसले.

मी वसमतला महाविद्यालयात मराठी शिकवितो. संगणकशास्त्राशी माझा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, कारण हा प्रश्न यंत्राचा नाही. कुणाला काय शिकवायचे याचा आहे. वसमत हे हळदीचे गाव. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. येथला नववीतला मुलगा मोंढ्यातली पट्टी वाचू शकतो. कांडीला एक भाव, गोळ्याला दुसरा. वजन गुणिले भाव. त्यातून हमाली, तोलाई वजा. उरले ते हाती. जर कांडी असेल तर हा दर, नसेल तर तो. संगणकशास्त्राचा पहिला पाठ याहून वेगळा नसतो. हा मुलगा तो पाठ घरून शिकून शाळेत येतो, आणि पुस्तक त्याला अक्षर ठळक कसे करावे ते सांगते!

मोंढ्यात पोते उचलणारे कोण आणि पट्टी लिहिणारे कोण, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आता पट्टी यंत्रातून छापून निघते. कळफलकावर आपल्यातलाच एखादा पोरगा बसलेला असतो, नीटनेटका, दहावी-बारावी झालेला. प्रगती झालीच की! पण वजावटीचा नियम यंत्रात कुणी घातला, हे त्याला ठाऊक नसते. तीच गोष्ट शिष्यवृत्तीच्या अर्जाची. जातीच्या दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला की अर्ज अडतो, आणि केंद्रावरचा मुलगा सांगतो, “सिस्टीम घेत नाही.” पूर्वी कारकून घेत नव्हता. कारकुनाशी भांडता येत होते, मोर्चा नेता येत होता. ‘सिस्टीम’ हा कोणा माणसाने लिहिलेला नियम आहे, एवढी जाणीव ज्या शिक्षणाने येत नाही, त्याला मी यंत्राची हमाली म्हणतो.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमच्या लोकांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, ते आमच्या ऐपतीबाहेरचे आहे म्हणून सरकारने पैसा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित, तरी असे म्हणाले. त्यांची मागणी यंत्र चालविणाऱ्या हातांची नव्हती. जात ही कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे त्यांनी १९३६ सालीच दाखविले होते. एकाने नियम रचावा आणि दुसऱ्याने बटण दाबावे, ही त्याच वाटणीची नवी आवृत्ती नव्हे काय?

अकरावी-बारावीला खरे शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. द्विलक्षी अभ्यासक्रमातील संगणकशास्त्र दोनशे गुणांचे. त्यात आठ-शून्य-आठ-पाच हा १९७६ सालचा सूक्ष्मप्रक्रियक अलीकडच्या वर्षांपर्यंत शिकविला जात आला. शहरातले लोक याला हसतात. मला हे हसणे उथळ वाटते. सात रजिस्टरे, चौसष्ट किलोबाइटांची स्मृती. एवढे यंत्र मुलाच्या डोक्यात मावते. बेरीज कोठून उचलली आणि कोठे ठेवली, हे त्याला वहीत लिहून दाखविता येते. यंत्र उघडेवाघडे दिसते ते येथेच.

पण तेथपर्यंत पोचते कोण? विज्ञान शाखा हवी, बऱ्याच ठिकाणी वेगळे शुल्क भरायला हवे, आणि सारे शिक्षण इंग्रजीतून. शिवाय हा विषय घ्यायचा तर दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. आमच्या भागात ही दुसरी भाषा बहुधा मराठी असते. म्हणजे पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाने यंत्र समजून घेण्यासाठी आईची भाषा दाराबाहेर ठेवायची. गंमत अशी की २०२१ साली पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली. नववीपर्यंत मराठी, मधली दोन वर्षे इंग्रजी, वर पुन्हा मराठी! ही शिडी कुणी बांधली?

यावर आपलेच कार्यकर्ते हरकत घेतील, आणि ती हलकी नाही. त्यांची मुले इंग्रजी शाळेत जाणार आणि आम्हाला मातृभाषेचे प्रेम शिकविणार, हा डाव आपण पुष्कळदा पाहिला आहे. इंग्रजी सोडा असे मी म्हणणार नाही. ती पहिल्या दिवसापासून हवी. मात्र अट, फेरा, पायरी या कल्पना पहिल्यांदा भेटताना त्या मुलाच्या तोंडच्या भाषेत भेटल्या, तर तो इंग्रजी पुस्तक पाठ करीत नाही, वाचतो.

एमएस-सीआयटीविषयी दोन शब्द. २००२ पासून या परीक्षेने खेड्यातल्या मुलामुलींच्या हाती माउस दिला, हे उपकारच. दहावीची परीक्षा संपली की वसमतची मुले तिकडेच वळतात, कारण सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागते. ही साक्षरता आहे. तिला संगणक शिक्षण म्हणून आपण समाधान मानतो, हा दोष परीक्षेचा नाही.

वसतिगृहांत आणि विहारांत सुटीचे वर्ग चालविणाऱ्या मित्रांना माझी सूचना साधी आहे. संगणक येण्याची वाट पाहू नका. मोंढ्यातली एक पट्टी फळ्यावर लिहा, तिचे नियम मुलांकडून एकेक करून काढून घ्या, मग हमालीचा दर बदला आणि कोणती पायरी बदलते ते विचारा. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या: नावात एक अक्षर चुकले तर अर्ज अडवायचा की माणसाकडे तपासायला पाठवायचा, हा नियम मुलांनीच लिहावा.