मूठभर म्हणजे किती?

स्टेट कॉलेजला बर्फाचा अंदाज आला की आपण सगळेच फोनवर रडारचा नकाशा बघतो. या रडारच्या तारुण्याची गोष्ट रॉबर्ट बुडेरी यांच्या ‘द इन्व्हेन्शन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’मध्ये (१९९६) झकास वाचायला मिळते. सुरुवातीच्या ब्रिटिश लढाऊ विमानांतल्या रडारची तरंगलांबी १.५ मीटर. विमान जेवढ्या उंचीवर, साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत शत्रू दिसायचा. पुढचं सगळं जमिनीवरून परतणाऱ्या लहरींत बुडून जायचं. १९४०मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी नवा मॅग्नेट्रॉन बनवला, तरंगलांबी १० सेंटिमीटरवर आली, झोत अरुंद झाला.

इथवर उत्तम. पण उपशीर्षक म्हणतं, युद्ध मूठभर लोकांनी जिंकलं. अहो, एमआयटीच्या एकट्या रॅडिएशन लॅबमध्येच ऐन भरात जवळपास ४००० माणसं होती! पोस्टडॉक असल्यामुळे असेल, मला हे लागलंच.