गुणा खरंच तसा असता तर?

मागच्या वेळी आपण 'नटरंग'पाशी थांबलो होतो, तिथूनच पुढे जाऊ. रवी जाधवांचा हा चित्रपट २०१० साली आला, मूळ कादंबरी आनंद यादवांची. आम्ही तेव्हा धुळ्याला शिकवत होतो. जत्रेतल्या तमाशावर वाढलेली आपली खानदेशी पोरं थिएटरात अक्षरशः रडली. वर्गात मात्र एकाने विचारलं, "सर, गुणा खरंच तसा असता, आन् पैसेबी घेत असता, तर?" वर्ग हसला. आम्हीही हसलो.

प्रश्न नेमका होता. गुणा कागलकर हा पैलवान गडी. तो नाच्या होतो, लोक त्याला बायल्या म्हणतात, पुढे त्याच्यावर अत्याचार होतो. आपली सहानुभूती कशावर उभी आहे? त्याला बायको आहे, पोर आहे, आतून तो 'पुरुषच' आहे, यावर. 'जोगवा'तही तेच. तायप्पाला साडी नेसवतात, आणि सुलीवरच्या प्रेमातून त्याला त्याचं पुरुषपण परत मिळतं. चित्रपट दोन्ही चांगले. उपेंद्र लिमयेचं काम तर विसरता येत नाही. पण अपमान चुकीच्या माणसाचा झाला, एवढंच त्यांचं दुःख आहे. ज्याला बायको नाही, जो खरोखर तसाच आहे, त्याची बाजू कोण घेणार?

आणि जो पैसे घेऊन पुरुषाबरोबर जातो, त्याची? असा माणूस मुंबईतच असतो, असं समजू नका. कायद्याला तो फार काळ दिसलाच नाही. १९५६च्या कायद्याच्या नावातच 'स्त्रिया व मुली' होतं. १९८६च्या दुरुस्तीत नावातून ते गेलं आणि कलमांत 'व्यक्ती' आली. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात बाई 'सेक्स वर्कर' म्हणून मोजली गेली, आणि हा 'पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष' म्हणून. म्हणजे तिचं काम मोजलं, याचा कल मोजला. याची कमाई कुठल्या रकान्यात? गंमत बघा, आपल्याकडे पुरुष ओळखायचा तो कमाईवरून. हा घर चालवतो, बहिणीचं लग्न लावतो, म्हणजे कर्ता पुरुष. आणि ज्या कामातून हे होतं, त्याच कामामुळे तो बायल्या! सांगलीत 'मुस्कान' ही पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्करांची संघटना आहे. तिथे हे कोडं रोज जगलं जात असणार.

सार्त्रने १९४३च्या ग्रंथात एक वेटर रंगवला आहे, तो वेटर असण्याची भूमिका वठवत असतो. पुरुषपण तरी वेगळं काय? आपणही ते चारचौघांत वठवतोच की, मिशीला पीळ देऊन.

त्या पोराला आम्ही त्या दिवशी "बस खाली" म्हटलं होतं.