दोन ट्रॅकचा घुमट

वाद्यवृंद-संचालक शोल्टीनं मुद्रित केलेलं वॅग्नरचं ऑपेरा-चक्र 'रिंग' २०२२पासून नव्या ट्रान्सफरमध्ये येऊ लागलं, तेव्हा जुन्या चाहत्यांना हर्ष झाला. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. व्हिएन्नाच्या सोफिएनझाल सभागृहात मुद्रित झालेली पितळी वाद्यं आता अधिकच झळाळतात. पण जोडीला डॉल्बी ॲटमॉसची, म्हणजे भोवतीच्या नि वरच्या स्पीकरांतून ऐकवणारी सराउंड आवृत्तीही आली, आणि खटकतं ते तिथेच. १९५८ ते १९६५ या काळातल्या त्या मूळ फितींवर ट्रॅक दोनच. मागच्या नि वरच्या स्पीकरांतून जे येतं तो सोफिएनझाल नव्हे, यंत्रानं बांधलेला अंदाज आहे.

सराउंडची खरी श्रीमंती पाहायची तर बर्लिओझच्या 'रेक्विएम'कडे वळावं. १८३७ साली पॅरिसच्या लेझँव्हालिद चर्चमध्ये ते प्रथम सादर झालं. मुख्य वाद्यवृंदाशिवाय चार कोपऱ्यांत चार पितळी वाद्यांचे ताफे आणि सोळा टिंपनी हवेत, असं बर्लिओझनं स्वतःच लिहून ठेवलं. म्हणजे दिशा हा त्या संगीताचा स्वरच. दोन स्पीकरांवर त्यातला 'तुबा मिरुम' हा भाग लावला की चारही ताफे समोरच्या एका भिंतीला चिकटतात. कॉलिन डेव्हिसनं २०१२ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये केलेल्या याच रचनेच्या मुद्रणाची एसएसीडी (बहुचॅनल ध्वनी पेलणारी तबकडी) बहुचॅनलमध्ये लावली, तर स्वर घुमटात चढतो, विरतो, आणि सावकाश पाठीमागून परततो. गॅब्रिएलीची व्हेनिसमधली दुहेरी गायनवृंदांची रचना असो की टॅलिसचं चाळीस आवाजांचं 'स्पेम इन आलिउम', तिथेही हेच.

नॉर्वेच्या 'टू-एल' या ध्वनिमुद्रण कंपनीचा मॉर्टेन लिंडबर्ग आणखी पुढे जातो: वादकांना मायक्रोफोनभोवती रिंगणात बसवतो. त्याच्या 'लुक्स' या अल्बमला २०२०चं ग्रॅमी मिळालं, ते योग्यच.

 

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत पेंटाटोन या कंपनीचा प्रामाणिकपणा मात्र सांगितलाच पाहिजे. फिलिप्सनं सत्तरच्या दशकात चार चॅनलवर मुद्रणं केली. तबकडीला ती पेलली नाहीत, म्हणून बाजारात आलं ते स्टिरिओच. फिलिप्समधूनच बाहेर पडलेल्या मंडळींच्या या कंपनीनं पुढे ती एसएसीडीवर चार चॅनलमध्ये आणली. मधला स्पीकर मुका, सबवूफरही मुका. नव्हतं ते बनवलं नाही.

'ऐकायला छान वाटतं ना, मग बिघडलं कुठे?' असं 'रिंग'च्या ॲटमॉसबद्दल कुणी म्हणेल. बिघडलं ते असं की, 'रिंग'चा निर्माता जॉन कल्शॉ स्टिरिओकडे कमतरता म्हणून पाहत नव्हता. मंचावर आकड्यांच्या चौकटी आखून त्यानं गायकांना डावी-उजवीकडे हलवलं, तो रंगमंच दोन स्पीकरांसाठीच रचला. तो आता घरभर पसरवणं म्हणजे चित्राच्या चौकटीबाहेर दुसऱ्यानं रंग फासणं. ज्याला घुमटच हवा त्यानं नव्यानं मायक्रोफोन लावावेत. चर्च अजून जागेवर आहेत.

तोवर कंपन्यांनी एवढं करावं: मूळ मुद्रण किती चॅनलचं, हे मुखपृष्ठावर ठळक छापावं. आणि रसिकांनीही पैसे देण्याआधी तेवढं विचारावं.