तुला कोणाकडून शिकवलं जातं?

मराठी अवघड आहे, इथे वाढणाऱ्या मुलांना ती झेपत नाही, हे वाक्य आपल्या मंडळाच्या मराठी शाळेच्या पालकसभेत मी अनेकदा ऐकले आहे. पुरावा म्हणून तीन लिंगे, सामान्यरूपे आणि विभक्तीचे प्रत्यय पुढे केले जातात. भाषा मुळात मुलांना येते कशी, याबद्दल जाणकारांनी काय लिहिले आहे ते शोधायला लागले, आणि हाती लागला तो लेख होता आफ्रिकेतल्या सेसोथो भाषेबद्दलचा. कॅथरीन डेमथ यांचा हा लेख १९८९ मध्ये ‘लँग्वेज’ या संशोधनपत्रिकेत आला. तो जुना आहे, भाषा रुक्ष आहे, पण आपल्यासारख्या पालकांनी त्यातला मुद्दा समजून घ्यावा इतका तो मोलाचा आहे. मला तो कुठे पटला आणि कुठे अपुरा वाटला, ते सांगते.

लेसोथो हा चिमुकला डोंगराळ देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. तिथली भाषा सेसोथो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेमथ तिथे राहिल्या आणि चार लहान मुलांचे घरातले, अंगणातले, भावंडांबरोबरचे बोलणे त्यांनी टेपवर घेतले, सुमारे ९८ तासांचे. मुलांना समोर बसवून घेतलेली ही परीक्षा नव्हती. आजी काय विचारते, पोर काय उत्तर देते, कोण कोणाचे खेळणे पळवते, असा सगळा रोजचा मामला.

त्या वेळी भाषाशास्त्रात एक मत जोरात होते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना कर्मणी रचना पुरती समजायला चार-पाच वर्षे लागतात, असे दिसले होते. (इथे एक खुलासा. शाळेच्या व्याकरणात ‘रामाने आंबा खाल्ला’ यालाही आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. इथे अभिप्रेत आहे ती ‘आंबा खाल्ला गेला’ या जातीची रचना.) त्यावरून हॅगिट बोरर आणि केनेथ वेक्सलर यांनी १९८७ मध्ये असे मांडले की ही क्षमता मेंदूत वयाबरोबर पिकते. दुधाचे दात पडून नवे यायला जशी वेळ यावी लागते, तशीच याचीही. जगभरच्या मुलांचे मेंदू सारखेच, तेव्हा हा नियम जगभर लागू व्हायला हवा.

आणि लेसोथोच्या डोंगरात तर पावणेतीन वर्षांची पोरे ही रचना सर्रास वापरत होती!

असे का, याचे डेमथ यांनी दिलेले कारण मला फार आवडले. आपण सहज विचारतो, ‘तुला कोण शिकवतं?’ सेसोथोमध्ये असे विचारता येत नाही. तिथे वाक्याच्या कर्त्याची जागा आधीच माहीत असलेल्या व्यक्तीसाठी राखलेली असते. ‘कोण’ म्हणजे तर माहीत नसलेला माणूस, त्याला त्या जागी बसवणे व्याकरणात बसत नाही. मग विचारतात, ‘उ रुत्वा के मांग?’ म्हणजे शब्दशः, ‘तू कोणाकडून शिकवला जातोस?’ आता विचार करा, लहान मुलाशी बोलताना मोठी माणसे दिवसभर दुसरे काय करतात? कोणी मारलं, कोणी दिलं, कोणी आणलं. त्या पोराच्या कानावर सकाळपासून रात्रीपर्यंत कर्मणी रचना पडत असते. मराठीत ती बातम्यांत आणि सरकारी पत्रकांत भेटते, स्वयंपाकघरात क्वचितच. एकच रचना एका भाषेत ग्रंथांतली आणि दुसरीत अंगणातली. ती ‘अवघड’ आहे की नाही हे व्याकरणाच्या पुस्तकावरून ठरत नाही, कानावर किती पडते त्यावरून ठरते.

टीका व्हायला हवी होती आणि झालीही. मुले फक्त चार. शिवाय ती जे बोलत होती ते मोठ्यांसारखेच कर्मणी होते, की ऐकून पाठ झालेले तुकडे होते? हा आक्षेप मलाही रास्त वाटतो. आपली मुले ‘गणपती बाप्पा मोरया’ स्वच्छ म्हणतात, म्हणून त्यांना संबोधन विभक्ती आली असे कोण म्हणेल? पण डेमथ थांबल्या नाहीत. २०१० मध्ये त्यांनी लेसोथोच्याच राष्ट्रीय विद्यापीठातल्या फ्रान्सिना मोलोई आणि मलिल्लो माचोबाने यांच्याबरोबर तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. त्यात मुलांनी कधीच न ऐकलेली, बनवून घेतलेली क्रियापदेही होती. मुलांनी त्यांचीही कर्मणी रूपे केली. पाठांतराची शंका तिथे बरीच निवते. आणि या वेळी ज्यांची ती मातृभाषा आहे तेही संशोधक म्हणून सोबत होते, हेही मला महत्त्वाचे वाटते.

लिंगांचे गाऱ्हाणे करणाऱ्यांनी सेसोथोची नामे जरूर पाहावीत. मोसोथो म्हणजे तिथला एक माणूस, बासोथो म्हणजे अनेक, सेसोथो त्यांची भाषा, लेसोथो त्यांचा देश. मूळ शब्द तोच, मागे लागणारा उपसर्ग बदलतो. सगळी नामे अशा वर्गांत वाटलेली असतात आणि वाक्यातले इतर शब्दही त्या वर्गाला जुळवून घ्यावे लागतात. ‘माझी खुर्ची’ म्हणजे ‘सेतुलो सा का’, आणि खुर्च्या अनेक झाल्या की ‘दितुलो त्सा का’. आपली तीन लिंगे यापुढे अगदीच आटोपशीर! तरीही मुले दोन वर्षांच्या आसपास उपसर्ग गाळत गाळत बोलू लागतात आणि तीन वर्षांची होईतो बहुतेक सगळे जागेवर बसलेले असते.

मात्र इथून थेट ‘मग आपल्या मुलांना तीन लिंगे यायलाच हवीत’ अशी उडी मारणे मला मान्य नाही. सेसोथोचे नाम आपला वर्ग बहुधा कपाळावर लावून फिरते. मराठीत ‘घोडा’, ‘घोडी’, ‘केळे’ यांच्या शेवटच्या स्वरावरून लिंग कळते, पण ‘पुस्तक’, ‘भिंत’, ‘दगड’ यांच्या तोंडावर काहीच लिहिलेले नसते. ‘माझं पुस्तक’, ‘ती भिंत’ असे शेकडो वेळा ऐकल्याशिवाय ते कळायचा मार्गच नाही. मोखोत्लोंगच्या डोंगरातल्या मुलाभोवती दिवसभर सेसोथो बोलणारी दहा माणसे असतात. आपल्या मुलाच्या वाट्याला मराठी येते ती संध्याकाळी दोन तास, आणि त्यातही निम्मी वाक्ये ‘होमवर्क फिनिश केलंस का?’ अशी. डेमथ यांचे लेख याबद्दल बोलत नाहीत. घरात एक आणि दारात दुसरी भाषा असलेल्या मुलाचे काय होते, हा त्यांचा विषयच नव्हता.

त्या प्रश्नाशी अधिक जवळचा प्रयोग आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, नायजेरियात झाला. १९७० मध्ये इफे विद्यापीठाच्या पुढाकाराने बाबतुंडे फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्गांना प्राथमिक शाळेची सहाही वर्षे सगळे विषय योरुबात शिकवले आणि इंग्रजी हा फक्त एक विषय म्हणून ठेवला. तुलनेचे वर्ग पहिली तीन वर्षे योरुबात आणि पुढे इंग्रजीत शिकले. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत पुढे राहिली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मातृभाषेच्या बाजूने बोलणारे सगळे हा दाखला देतात. मी मातृभाषेच्याच बाजूची, पण मला यात एक गोष्ट खटकते. या वर्गांसाठी नवी पुस्तके लिहिली गेली होती, शिक्षकांना खास तयार केले होते. यश किती योरुबाचे आणि किती चांगल्या पुस्तकांचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. ज्या शाळेत पुस्तकेच नाहीत, तिथे नुसती भाषा बदलून काय होईल, याचे उत्तर इफे देत नाही.

नायजेरियाच्या सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकची सहा वर्षे मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण जाहीर केले आणि २०२५ मध्ये परीक्षांच्या खराब निकालांकडे बोट दाखवून ते रद्द केले. तीन वर्षांत किती भाषांची किती पुस्तके छापून वर्गापर्यंत पोचली होती, हा प्रश्न निकालांच्या आधी विचारायला हवा होता.